टक्के कशाचे आणि मुदत कधीपासूनची? विमा, उपचार व निवृत्तिवेतनाच्या कागदांतील शब्द

आपण उदगीरहून विचारलेला प्रश्न इतर वाचकांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. आपले किराणा दुकान आहे आणि एकत्र कुटुंबाचे सगळे कागद आपणच सांभाळता. आपल्या पत्नीची पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया लातूरच्या एका खासगी रुग्णालयात झाली. बिल १,५०,००० रुपयांचे झाले, पॉलिसी ३ लाखांची आहे, तरीही कंपनीने ९१,८०० रुपयेच दिले. थोरले बंधू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून मे अखेरीस निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या कागदांत अंशराशीकरण, उपदान, अर्हताकारी सेवा असे शब्द जागोजागी आले आहेत. धाकटे बंधू वाळूजच्या कारखान्यात अकरा वर्षांपासून आहेत. त्यांच्या पगारातून दरमहा १२ टक्के कापले जात असताना पेन्शन दोन-अडीच हजारांच्या घरात कशी निघते, हे त्यांना उमगत नाही. आईंचे वय ७६ आहे. हे सगळे शब्द एकदा नीट समजावून सांगावेत, असे आपले म्हणणे आहे.

मी बरीच वर्षे विमा कंपनीच्या दावा विभागात काम केले आणि आता लातूरला लोकांचे दाव्यांचे व निवृत्तिवेतनाचे कागद पाहून देतो. या अनुभवावरून सांगतो की, शब्दांचे अर्थ कोशासारखे पाठ करून फारसा उपयोग होत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक भांडणे दोनच ठिकाणी अडलेली असतात. कागदावर लिहिलेले टक्के नेमके कोणत्या रकमेचे आहेत हे पाहिलेले नसते, किंवा कागदावर लिहिलेली मुदत नेमक्या कोणत्या तारखेपासून मोजायची हे पाहिलेले नसते. आपल्या घरातील चारही प्रकरणे या दोन प्रश्नांवर घासून पाहिली की शब्द आपोआप सुटे होतात, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

सुरुवात ‘विमा रक्कम’ या शब्दापासून करू, कारण आपल्या तक्रारीचे मूळ त्याच्या समजुतीत आहे. पीकविम्यात सोयाबीनची हेक्टरी विमा संरक्षित रक्कम वाचून तेवढे पैसे खात्यात येतील असे आपल्याकडचा कोणताही शेतकरी धरून चालत नाही. मंडळातील पीक कापणी प्रयोगाचे उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा किती खाली गेले यावर भरपाई ठरते, हे त्याला माहीत असते. आरोग्य विम्यातील विमा रक्कमही तशीच वरची मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत प्रत्येक खर्च कोणत्या अटीने मोजायचा, हे पॉलिसीच्या आतील पानांवर लिहिलेले असते आणि एजंट दाखवतो ते पहिले पान फक्त मर्यादा सांगते.

आपण पाठवलेल्या बिलावरून आणि मंजुरीपत्रावरून हिशेब असा दिसतो. पाच दिवसांचे खोलीभाडे दररोज ५,००० रुपयांप्रमाणे २५,००० रुपये, शस्त्रक्रिया, भूल, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या भेटी आणि शुश्रूषा मिळून ८०,०००, औषधे २४,०००, तपासण्या १५,००० आणि नोंदणी, हातमोजे, फाइल यांसारख्या किरकोळ बाबी ६,०००. आपल्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दररोज ३,००० रुपये आहे. येथे बहुतेकांची समजूत अशी असते की, खोलीचे जास्तीचे २,००० रुपये आपण भरले की विषय संपला. प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही, कारण ‘प्रमाणशीर कपात’ नावाची अट पुढे येते. आपण ५,००० ची खोली घेतली आणि मान्य भाडे ३,००० आहे, म्हणजे पाचास तीन हे प्रमाण झाले. तेच प्रमाण शस्त्रक्रिया, भूल, डॉक्टरांच्या भेटी अशा ‘संलग्न वैद्यकीय खर्चा’लाही लावले जाते. त्यामुळे ८०,००० चे ४८,००० झाले. औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, असे विमा नियामकाने स्पष्ट केलेले आहे आणि आपल्या मंजुरीपत्रातही ती लावलेली नाही. किरकोळ बाबींचे ६,००० रुपये पॉलिसीबाहेरचे म्हणून गेले. मग खोलीचे १५,०००, संलग्न खर्चाचे ४८,०००, औषधांचे २४,००० आणि तपासण्यांचे १५,००० मिळून १,०२,००० रुपये मान्य झाले.

त्यानंतर ‘को-पे’ आला. आपल्या पॉलिसीत प्रत्येक दाव्यात १० टक्के वाटा विमाधारकाचा आहे. हे १० टक्के बिलाचे नसून मान्य झालेल्या रकमेचे असतात, म्हणजे १०,२०० रुपये. ते वजा जाऊन ९१,८०० उरले. हिशेबात चूक नाही, पण तो कसा झाला हे आपल्याला कुणी समजावून सांगितले नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. आपण ३,००० रुपयांची खोली घेतली असती, तर बाकी दर तेच धरूनही कंपनीकडून १,२०,६०० रुपये आले असते. खोलीच्या भाड्यात पाच दिवसांचा फरक केवळ १०,००० रुपयांचा होता, परंतु खिशातून गेलेल्या रकमेत तो ३८,८०० रुपयांचा झाला. म्हणून भरती होताना सगळ्यात आधी ‘माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती’ एवढे विचारावे. रुग्णालयातील विमा कक्षाला तो आकडा माहीत असतो, पण विचारल्याशिवाय तो सांगितला जाईलच असे नाही.

आपल्या बाबतीत एक वाट अजून मोकळी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. खोलीच्या वर्गानुसार शस्त्रक्रियेचे व इतर सेवांचे दर जेथे बदलत नाहीत, अशा रुग्णालयात प्रमाणशीर कपात लावता येत नाही. मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत जनरल वॉर्डचा दर वेगळा आणि स्वतंत्र खोलीचा दर वेगळा असतो, पण लातूर, अंबाजोगाई, नांदेडकडील कितीतरी मध्यम आकाराच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेचा दर एकच असतो, खोली कोणतीही घ्या. आपल्या रुग्णालयात तसे असेल, तर ‘आमच्याकडे खोलीच्या प्रकारानुसार इतर सेवांचे दर बदलत नाहीत’ असे पत्र त्यांच्या शिक्क्यानिशी घ्यावे, सोबत दरपत्रकाची प्रत जोडावी आणि दाव्याचा फेरविचार करण्याचा अर्ज कंपनीकडे द्यावा. तो मान्य झाला तर संलग्न खर्चातील कापलेले ३२,००० रुपये पुन्हा धरले जातील आणि को-पे वजा जाऊन आपल्याला आणखी २८,८०० रुपये मिळतील. खोलीभाड्यातील फरक मात्र आपल्याकडेच राहील.

को-पेच्या शेजारीच ‘डिडक्टिबल’ हा शब्द येतो आणि दोघांची गल्लत होते. को-पे म्हणजे प्रत्येक मान्य रकमेतील टक्केवारीचा वाटा, तर डिडक्टिबल म्हणजे एक ठरलेली रक्कम, जी ओलांडल्यावरच कंपनीची जबाबदारी सुरू होते. मूळ पॉलिसीवर जोड म्हणून घेतलेली टॉप-अप पॉलिसी स्वस्त मिळते ती याच कारणाने. समजा, डिडक्टिबल ३ लाखांचे आहे आणि वर्षातून दोनदा अडीच-अडीच लाखांचे बिल झाले, तर साधा टॉप-अप दोन्ही वेळा काहीच देत नाही, कारण तो प्रत्येक दावा स्वतंत्र मोजतो. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज मोजतो, म्हणून तो ५ लाखांतून ३ लाख वजा करून २ लाख देईल. दोघांच्या हप्त्यात फरक असला तरी घेताना सुपर टॉप-अपच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुदतींकडे वळतो. नवी आरोग्य पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात वगळता इतर आजारांसाठी संरक्षण नसते. पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब वगैरेंसाठी, जो प्रतीक्षा कालावधी ठेवतात तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती आणि ती २०२४ मध्ये कमी झाली. मोतीबिंदू, हर्निया, खडे, सांधेरोपण अशा ठरावीक आजारांसाठी वेगळा प्रतीक्षा कालावधी असतो. या सर्व मुदती सलग नूतनीकरणाच्या हिशेबाने मोजल्या जातात. नूतनीकरणाची तारीख चुकली तर सवलतीचे दिवस मिळतात आणि त्या दिवसांत हप्ता भरला तर जुनी मोजणी टिकते, पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या मधल्या दिवसांत रुग्णालयात जावे लागले तर संरक्षण नसते. सवलतीचे दिवसही उलटून गेले, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. आणखी एक बाब अशी की, विमा रक्कम ३ लाखांवरून १० लाख केली, तर वाढीव ७ लाखांसाठी प्रतीक्षा कालावधी वाढ केल्याच्या तारखेपासून नव्याने सुरू होतो. रक्कम वाढवायची असेल तर तब्येत चांगली असतानाच वाढवावी, असे मी सांगतो ते यासाठी.

सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर कंपनीला आजार लपवल्याचे किंवा चुकीची माहिती दिल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी याला अपवाद आहे. हे संरक्षण आहे म्हणून प्रस्तावपत्रात आजार लपवावा, असा याचा अर्थ नाही, कारण पहिल्या पाच वर्षांत तोच आजार दावा बुडवायला पुरेसा असतो. प्रस्तावपत्र स्वतः वाचूनच सही करावी. एजंटने ‘आजार नाही’ अशी खूण करून आणलेल्या कागदावर सही झाली, तर कायद्याच्या नजरेत ते आपलेच म्हणणे ठरते.

‘कॅशलेस’ या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की, कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे होत नाही. उपचार सुरू असताना कंपनीला पुरेशी माहिती मिळाली नाही तर ती कॅशलेस नाकारते. अशा वेळी बिल भरून, मूळ कागद सांभाळून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतो. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि सुटीच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हा तास रुग्णालयाकडून विनंती मिळाल्यापासून मोजतात, आपण खाटेवर झोपल्यापासून नाही, त्यामुळे विनंती कधी पाठवली हे विमा कक्षात विचारून ठेवावे.

आईंचा विषय वेगळा आहे. त्या ७६ वर्षांच्या असल्याने आधारवरील वयाच्या आधारे त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. ७० वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही आणि खासगी विमा असला तरी अडचण नाही. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर हे ५ लाख ज्येष्ठांसाठी स्वतंत्र मिळतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडे नवी नाही. राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेवरील शेतकरी कुटुंबांनाही ती लागू झाली आणि त्या १४ मध्ये मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. आता शिधापत्रिकेच्या रंगाची अट उरलेली नाही आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली आहे.

या योजनेतही ५ लाख कोणाचे, हे पाहावे. ते माणशी नसून कुटुंबाचे आहेत, आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवर नावे असलेली माणसे. एकाच चुलीवर जेवणाऱ्या, पण तीन शिधापत्रिका असलेल्या घराची तीन कुटुंबे धरली जातात. ‘अंगीकृत रुग्णालय’, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेले रुग्णालय, हा दुसरा अडवणारा शब्द आहे. रुग्णालय योजनेत असले तरी ते सर्व उपचारांसाठी असतेच असे नाही. अस्थिरोगासाठी अंगीकृत असलेले रुग्णालय हृदयरोगासाठी नसू शकते. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयातील योजनेचा मदतनीस, प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर बसलेला असतो, त्याला रुग्ण दाखल होतानाच शिधापत्रिका व आधार दाखवून, त्या विशिष्ट उपचारासाठी रुग्णालय योजनेत आहे का, हे विचारावे. पूर्वपरवानगी उपचारापूर्वी मागायची असते. तातडीच्या वेळी फोनवरून परवानगी घेण्याची सोय आहे, परंतु सगळे बिल रोखीने भरून नंतर योजनेतून पैसे परत मागण्याची सोय मात्र या योजनेत नाही. घरी परतल्यावर ‘आमच्याकडे कार्ड होते’ असे म्हणणारे लोक दर महिन्याला माझ्याकडे येतात आणि त्यांच्यासाठी काही करता येत नाही. माहितीसाठी १५५३८८ हा योजनेचा टोल-फ्री क्रमांक आहे.

धाकट्या बंधूंच्या प्रश्नात ‘१२ टक्के’ हाच घोळ आहे. त्यांच्या पगारातून कापलेले १२ टक्के पेन्शनला जातच नाहीत, ते पूर्णपणे त्यांच्या भविष्य निर्वाह निधीत जमा होतात. पेन्शनसाठीचे पैसे मालकाच्या १२ टक्क्यांतून निघतात. त्यातील ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे लोक ज्याला ईपीएस-९५ म्हणतात त्यात जातात आणि उरलेले निधीत. हे ८.३३ टक्केही खऱ्या पगाराचे नसतात. वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे, त्यामुळे बंधूंचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून आज २६,००० असला तरी पेन्शन योजनेत महिन्याला १,२५० रुपयेच पडतात. १ सप्टेंबर २०१४ नंतर नव्याने लागलेल्या आणि सुरुवातीलाच १५,००० पेक्षा जास्त वेतन असलेल्या कामगाराला या पेन्शन योजनेचे सदस्यत्वच मिळत नाही. आपले बंधू लागले तेव्हा त्यांचे वेतन त्याखाली होते, म्हणून ते आत आहेत.

पेन्शन काढण्याचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र वेतनाला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. पेन्शनपात्र वेतन म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि तीही १५,००० च्या मर्यादेत. आज ११ वर्षांची सेवा धरली तर १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे २,३५७ रुपये. त्यांना कुणीतरी सांगितलेला आकडा हाच असावा. पण ही आज नोकरी सोडल्यास वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू होणारी पेन्शन आहे. ते आज ४७ वर्षांचे आहेत. ५८ पर्यंत राहिले तर सेवा २२ वर्षे होईल, २० वर्षे पूर्ण केल्याबद्दल २ वर्षे अधिक धरली जातील आणि मर्यादा आहे तीच राहिली तरी पेन्शन ५,१४२ रुपयांपर्यंत जाईल. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, मात्र ५८ ला कमी असलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कपात आयुष्यभर राहते. दहा वर्षांच्या आत नोकरी बदलणाऱ्याने पेन्शनची रक्कम काढून न घेता झालेली सेवा टिकवणारे ‘योजना प्रमाणपत्र’ घ्यावे किंवा त्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या निधीच्या क्रमांकावर, सेवा पुढे जोडावी. वाळूज, शेंद्रा, चितेगाव भागांतील कंत्राटी कामगार दर दोन-तीन वर्षांनी रक्कम काढून सेवा शून्यावर आणतात, आणि पन्नाशीत त्यांच्या हाती पेन्शनचा हक्कच उरत नाही.

राज्य कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे, त्यांनी विचारले आहे. त्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. पगार त्यावर गेला की त्याच महिन्यात वर्गणी थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन वर्गणी कालावधी आहेत आणि चालू कालावधी संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. बदल्यात लाभही पुढे चालतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून हा लाभ कालावधी मिळतो. त्यामुळे पगारवाढ झाल्यावर घाईने कार्ड फेकून देऊ नये.

आता थोरल्या बंधूंचे कागद. ते १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेले असल्याने त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. त्या तारखेनंतर लागलेल्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांच्या निधीतील किमान ४० टक्के रकमेतून वार्षिकी, म्हणजे ठरावीक रक्कम नियमित देणारी योजना, विकत घ्यावी लागते आणि तिचा दर खरेदीच्या दिवशी ठरतो तो कायम राहतो. शाळेतील तरुण सहकाऱ्यांच्या हिशेबाशी बंधूंनी आपला हिशेब ताडून पाहू नये.

‘अर्हताकारी सेवा’ म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा. बिनपगारी रजा किंवा सेवेतील खंड यांमुळे ती प्रत्यक्ष सेवेपेक्षा कमी भरू शकते, म्हणून सेवापुस्तकातील नोंदी आणि पडताळणीचे दाखले आताच पाहून घ्यावेत. नाव आणि जन्मतारीख सेवापुस्तक, आधार व बँक खात्यात सारखी आहे का, हेही तपासावे. ‘उपदान’ म्हणजे सेवेच्या प्रमाणात एकदाच मिळणारी रक्कम, जिला बाहेर ग्रॅच्युइटी म्हणतात. राज्य शासनाने तिची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख केली आहे. रजा रोखीकरण आणि गटविमा या वेगळ्या रकमा आहेत, त्यांचा उपदानाशी संबंध नाही.

सगळ्यात जास्त चर्चा अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची होते, म्हणून ते आकड्यांनी पाहू. त्यांचे शेवटचे मूळ वेतन ७६,००० आहे असे आपण लिहिले आहे. मूळ निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, म्हणजे ३८,००० रुपये. यातील जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे महिन्याचे १५,२०० रुपये विकून त्यांची एकरकमी किंमत घेता येते. ती किंमत निवृत्तीच्या वेळच्या वयानुसार ठरलेल्या गुणकाने काढतात. त्यानंतर हातात येणारे मूळ निवृत्तिवेतन २२,८०० राहते आणि १५ वर्षांनी विकलेला भाग पुन्हा सुरू होतो. येथे टक्के कशाचे हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो, कारण महागाई वाढ उरलेल्या २२,८०० वर मोजत नाहीत, ती पूर्ण ३८,००० वर मिळते. ‘अंशराशीकरण केले की महागाईही कमी होते’ ही शिक्षकांच्या बैठकांतून फिरणारी समजूत चुकीची आहे.

दुसरी गैरसमजूत कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दलची. त्याचा नेहमीचा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आहे, म्हणजे ७६,००० चे २२,८००. सुरुवातीच्या ठरावीक वर्षांत ते वाढीव दराने मिळते, हा भाग वेगळा. अंशराशीकरणानंतरची रक्कमही २२,८०० आणि कुटुंब निवृत्तिवेतनही २२,८००, हे पाहून लोकांना वाटते की, पतीने पेन्शन विकली म्हणून पत्नीची कमी झाली. निम्म्याचे साठ टक्के म्हणजे मुळाचे तीस टक्के होतात, म्हणून आकडे जुळतात, एवढेच. अंशराशीकरण न केलेल्या शिक्षकाच्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन तेवढेच मिळते. उलट, विकलेल्या रकमेची वसुली कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही. घरात कर्ज असेल किंवा मुलाच्या शिक्षणाचा मोठा खर्च समोर असेल, तर अंशराशीकरण करावे असे माझे मत आहे. पैसा केवळ बँकेत ठेवण्यासाठी घ्यायचा असेल, तर वयाचा गुणक आणि ठेवीचा व्याजदर मांडून पाहावा. अर्ज निवृत्तीच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, तेव्हा निर्णयाला थोडा वेळ आहे. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल. तो मोबाइलवरून जीवन प्रमाणद्वारेही देता येतो. ईपीएसच्या पेन्शनधारकाला नोव्हेंबरचे बंधन नाही, त्याचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

आपल्या स्वतःच्या पासबुकात ४३६ आणि २० रुपये कापल्याच्या नोंदी आहेत, त्या अनुक्रमे जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनेच्या. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात, दुसरीत फक्त अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाबद्दल. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. मेअखेर खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण थांबते. जीवन ज्योतीत पुन्हा सामील झाले की पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूंना संरक्षण नसते. दोन बँकांतून दोनदा हप्ता कापला गेला तरी रक्कम एकदाच मिळते, म्हणून दुसऱ्या बँकेतील कपात बंद करावी. शेतात अपघात झाल्यास मिळणारे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख हे आता विमा नसून शासनाचे सानुग्रह अनुदान आहे. त्याचा अर्ज विमा कंपनीकडे न करता तालुका कृषी कार्यालयात करावा लागतो.

जुन्या आयुर्विमा पॉलिसीबद्दल एकच गोष्ट सांगतो. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कोणत्याही कारणाने हरकत घेता येत नाही. पण बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजतात. आपली पॉलिसी २००९ ची असली तरी मागील वर्षी चालू करून घेतली असेल, तर तिची तीन वर्षे अजून व्हायची आहेत, आणि पुनरुज्जीवनाच्या वेळी दिलेले आरोग्याचे निवेदन प्रस्तावपत्राइतकेच महत्त्वाचे आहे. तिच्या नामनिर्देशनात पत्नी, मुले किंवा आई-वडील असतील तर रक्कम त्यांच्याच हक्काची होते. भाऊ किंवा पुतण्या नेमलेला असेल तर ती वारसांसाठी स्वीकारणारा एवढीच त्याची भूमिका राहते. एकत्र कुटुंबांत थोरल्या भावाचे नाव टाकण्याची पद्धत आहे, ती पॉलिसीपुरती बदलून घ्यावी.

पत्नीच्या दाव्यापुरते आता करायचे काम असे. रुग्णालयाचे पत्र व दरपत्रक जोडून फेरविचाराचा अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मराठवाडा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारीसाठी एका वर्षाची मुदत आहे. नकारपत्र आले असेल तर ती ते पत्र मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पत्र ज्या पाकिटातून येईल ते पाकीट टपालाच्या शिक्क्यासह फाइलला लावून ठेवावे.